सुपरमॅनला बोलूच दिलं नाही

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन : डॉन ऑफ जस्टिस' या चित्रपटाच्या साधारण मध्यावर एक सुनावणी आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत सिनेटची समिती बसली आहे. बाहेर लोक फलक घेऊन उभे आहेत. काहींना सुपरमॅन तारणहार वाटतो, काहींना परग्रहावरचा घुसखोर. सुपरमॅन आकाशातून उतरतो, चारचौघांसारखा दारातून आत येतो आणि साक्षीदाराच्या जागी उभा राहतो. समितीच्या अध्यक्ष, सिनेटर जून फिंच बोलायला लागतात. लोकशाहीत माणसं एकमेकांशी बोलतात, लोकांच्या संमतीने वागतात, असं त्या सांगत असतात. बोलता बोलता त्यांची नजर समोर ठेवलेल्या एका अनोळखी बरणीवर जाते आणि जीभ अडखळते. पुढच्याच क्षणी स्फोट होतो. अख्खं सभागृह पेटतं, माणसं मरतात आणि ज्वाळांच्या मधोमध सुपरमॅन जागच्या जागी उभा राहतो. त्याने तोंडातून एक शब्दही काढलेला नसतो.

झॅक स्नायडरचा हा चित्रपट २५ मार्च २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याची ताकद आणि त्याचं अपयश, दोन्ही मला याच प्रसंगात दिसतात. ज्याला कुणीही अडवू शकत नाही, त्याने जाब कुणाला द्यायचा? सुपरहिरोंच्या गोष्टीत विचारता येईल असा हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तो स्नायडरने अगदी भर सभेत विचारला. पण सुपरमॅनने उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा पटकथेने सभाच उडवून दिली. उरलेल्या चित्रपटात तो प्रश्न पुन्हा कुणी त्याच्यासमोर ठेवत नाही. प्रेक्षक नाराज झाले ते चित्रपट गंभीर होता म्हणून, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मला ते पटत नाही. चित्रपटाने गंभीर चेहरा धारण केला आणि गांभीर्याची जबाबदारी मात्र टाळली, म्हणून ते नाराज झाले.

हा २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'चा उत्तरभाग. त्या चित्रपटाच्या शेवटी सुपरमॅन आणि जनरल झॉड यांच्या मारामारीत मेट्रोपोलिस शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला होता आणि सुपरमॅनने झॉडची मान मोडून त्याला ठार केलं होतं. इमारतींमध्ये माणसं होती की नाही, याची त्या चित्रपटाने फारशी फिकीर केली नव्हती. टीका झाली. ती स्नायडरने मनावर घेतली आणि पुढच्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच तो तिथे परतला. तोच विध्वंस, पण आता रस्त्यावरून दिसणारा. ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, गाडी दामटत शहरात शिरतो, आपल्या कंपनीच्या इमारतीतल्या अधिकाऱ्याला फोनवरून सगळ्यांना बाहेर काढायला सांगतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती इमारत कोसळते. धुळीचा लोट अंगावर येतो. सगळे त्याच्यापासून लांब पळतात, ब्रूस त्याच्या दिशेने धावतो. ढिगाऱ्याजवळ एक लहान मुलगी भेटते. आई कुठे आहे, असं विचारल्यावर ती वर, जिथे आता काहीच उरलेलं नाही तिकडे बोट दाखवते. ब्रूस तिला छातीशी धरतो आणि आकाशाकडे पाहतो.

११ सप्टेंबर २००१ नंतरच्या न्यूयॉर्कची आठवण करून देणारी ही काही मिनिटं सुपरहिरोपटांतल्या उत्तम मिनिटांपैकी आहेत. ब्रूस झालेल्या बेन ॲफ्लेकच्या चेहऱ्यावरचा संताप आपल्याला समजतो, कारण त्या मुलीचं बोट आपणही पाहिलेलं असतं. पुढे हाच ब्रूस म्हणतो, की सुपरमॅन आपला शत्रू असण्याची एक टक्का जरी शक्यता असली तरी ती शंभर टक्के धरून चालायला हवं. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या नावावर असलेल्या युद्धनीतीचा हा उघड पडसाद आहे. म्हणजे स्नायडर आणि त्याचे पटकथाकार ख्रिस टेरिओ व डेव्हिड गोयर यांना काय म्हणायचंय याची जाण नक्की होती. टेरिओला तर 'आर्गो'साठी ऑस्कर मिळालेलं. मग बिनसलं कुठे?

थोडं मागे जावं लागेल. सुपरमॅन १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी जन्माला घातला. बॅटमॅन त्यानंतर वर्षभराने, बॉब केन आणि बिल फिंगर यांच्या हातून आला. ही मुलांसाठीची, दहा सेंटना मिळणारी पुस्तकं. १९५४मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा गंभीर आरोप पुस्तक लिहून केला. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि पुढची कितीतरी वर्षं या गोष्टी अगदी गुळमुळीत झाल्या. १९६६च्या दूरदर्शन मालिकेतला ॲडम वेस्टचा बॅटमॅन रंगीबेरंगी आणि जाणूनबुजून हास्यास्पद होता. कॉमिक्स म्हणजे पोरखेळ, हा शिक्का त्यानंतर घट्ट बसला.

तो पुसायचं काम १९८६ने केलं. फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' त्या वर्षी चार भागांत आलं, ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'चे अंकही त्याच वर्षी सुरू झाले. मिलरचा बॅटमॅन पंचावन्न वर्षांचा, निवृत्त, कडवट. सुपरमॅन सरकारी हुकमाचा ताबेदार झालेला. शेवटी दोघं भिडतात आणि चिलखत घातलेला बॅटमॅन सुपरमॅनला लोळवतो. स्नायडरने हे चिलखत, ही लढाई, कितीतरी चौकटी जशाच्या तशा उचलल्या. पण मिलरच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट जागोजागी भरलेली आहे, ती म्हणजे उपहास. पानापानांवर टीव्हीचे छोटे चौकोन आहेत. त्यात पोपटपंची करणारे निवेदक, गुन्हेगारांची वकिली करणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि रोनाल्ड रेगनसारखा दिसणारा, गोड बोलून अणुयुद्धाकडे निघालेला राष्ट्राध्यक्ष भेटतात. मिलरचा काळोख या उपहासामुळे सहन होतो आणि खराही वाटतो. शिवाय त्याच्या पुस्तकातले दोघे जुने मित्र आहेत. त्यांच्या ठोशांमागे अनेक वर्षांची ओळख आहे. चित्रपटातले दोघे एकमेकांना लढाईआधी दोनतीनदा भेटलेले, तेही ओझरते. पुस्तकातली मारामारी पडद्यावर आली, मैत्री आलीच नाही.

गंभीर विषय घेतला की कलाकृती गंभीर होते, हा समज सुपरमॅनच्या बाबतीत आधीही एकदा महागात पडला होता. १९८७चा 'सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस' आता फारसा कुणाच्या लक्षात नाही. शीतयुद्धाचे दिवस होते. सुपरमॅन साकारणाऱ्या ख्रिस्तोफर रीव्हला अण्वस्त्रांविरुद्ध काही म्हणायचं होतं, कथेच्या श्रेयनामावलीतही त्याचं नाव आहे. एका शाळकरी मुलाचं पत्र येतं आणि सुपरमॅन संयुक्त राष्ट्रांत जाऊन जाहीर करतो, की मी जगातली सगळी अण्वस्त्रं नष्ट करणार. मग तो क्षेपणास्त्रं एका प्रचंड जाळ्यात गोळा करून सूर्यात भिरकावतो. हेतू निर्मळ होता, याबद्दल मला शंका नाही. पण एका व्यक्तीने सगळ्या देशांच्या वतीने परस्पर असा निर्णय घ्यावा का, हा खरा पेच चित्रपटाने बाजूला सारला आणि न्यूक्लिअर मॅन नावाचा खलनायक आणून मारामारी सुरू केली. त्यात निर्मात्या कॅनन कंपनीने खर्चाला मोठी कात्री लावली. न्यूयॉर्कमधलं संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय इंग्लंडच्या मिल्टन कीन्स शहरात उभं करावं लागलं. चित्रपट आपटला आणि सुपरमॅनला मोठ्या पडद्यावर परतायला २००६ साल उजाडावं लागलं.

२०१६मध्ये पैशाची चणचण नव्हती. खर्च साधारण २५ कोटी डॉलर. उलट अडचण अशी, की वॉर्नर ब्रदर्सला एका चित्रपटातून फार काही साधायचं होतं. मार्व्हलच्या 'ॲव्हेंजर्स'ने २०१२मध्ये दीडशे कोटी डॉलर कमावले होते, 'मॅन ऑफ स्टील'ने ६६-६७ कोटी. 'मॅन ऑफ स्टील' लागून महिना उलटतो न उलटतो तोच, जुलै २०१३मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये बॅटमॅनला सोबत घेण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०१४मध्ये कंपनीने २०२०पर्यंतच्या दहा चित्रपटांची यादीच जाहीर केली. मार्व्हलने आपल्या नायकांची ओळख एकेका चित्रपटातून करून दिली होती. इथे तेवढा धीर नव्हता.

त्यामुळे एकाच चित्रपटात काय काय कोंबलं ते पाहा. 'मॅन ऑफ स्टील'चा पुढचा भाग, नव्या बॅटमॅनची ओळख, मिलरची लढाई, १९९२मध्ये कॉमिक्समध्ये गाजलेला डूम्सडे या राक्षसाच्या हातून झालेला सुपरमॅनचा मृत्यू, वंडर वुमनचं आगमन आणि पुढच्या 'जस्टिस लीग'ची पायाभरणी. दोन्ही नायक समोरासमोर यायच्या बेतात असताना, ऐन रंगात, वंडर वुमन लॅपटॉप उघडून ई-मेलला जोडलेल्या चित्रफिती पाहते. फ्लॅश, ॲक्वामॅन, सायबॉर्ग या तिघांच्या. प्रत्येकाच्या फाइलला त्याचं बोधचिन्हही तयार! मानवजातीच्या भवितव्याची चर्चा थांबवून मध्येच आगामी चित्रपटांची जाहिरात लागली, तर आधीच्या चर्चेचं वजन कसं राहणार? गंभीर चित्रपटाला जे एक पथ्य पाळावंच लागतं, ते म्हणजे समोरच्या क्षणाशी इमान. ते इथे वारंवार मोडलं जातं.

आणि मग तो 'मार्था'चा प्रसंग. खलनायक लेक्स लुथरने सुपरमॅनच्या आईला ओलीस ठेवून त्याला बॅटमॅनशी लढायला भाग पाडलंय. बॅटमॅन त्याला खाली पाडतो, गळ्यावर पाय देतो, क्रिप्टोनाइटचा भाला उगारतो. सुपरमॅन कसाबसा म्हणतो, मार्थाला वाचव. बॅटमॅन चवताळून विचारतो, हे नाव का घेतलंस? कारण त्याच्याही मृत आईचं नाव मार्था. सुपरमॅनची प्रेयसी लोइस धावत येऊन खुलासा करते आणि बॅटमॅन भाला फेकून देतो. दोघांच्या आयांची नावं एकच असणं हा कॉमिक्समधला जुना योगायोग. त्यातून काही मांडावं ही कल्पना वाईट नव्हती. ज्याला आपण उपरा म्हणून मारायला निघालो, त्यालाही आई आहे, हे बॅटमॅनला त्या क्षणी उमगतं. कागदावर हे हृदयद्रावक आहे. पडद्यावर त्याचं हसू झालं.

हसू का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर मरणाच्या दारातला मुलगा आपल्या आईला नावाने हाक मारत नाही, 'माझ्या आईला वाचव' म्हणतो. संवाद माणसाच्या तोंडचा नाही, पटकथेच्या सोयीचा आहे, हे प्रेक्षकाला लगेच कळतं. दुसरं असं, की दोन तास सत्ता, भीती, देव आणि न्याय यांवर वाद चाललेला आणि निकाल लागला नावाच्या जुळणीवर. तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन तासांत चित्रपटाने प्रेक्षकाला मोकळेपणाने हसायची जागाच दिली नव्हती. रात्र, पाऊस, विटलेले रंग, हान्स झिमर आणि जंकी एक्सएल यांचं छातीवर दडपण आणणारं संगीत. मेक्सिकोत जळत्या इमारतीतून मुलीला वाचवून आणल्यावरही सुपरमॅनच्या चेहऱ्यावर समाधानाची रेषा नाही. लोक त्याला स्पर्श करायला हात पुढे करतात आणि तो अवघडून उभा राहतो. हशाला योग्य जागी वाट दिली नाही, तर प्रेक्षक ती स्वतः शोधतो आणि नेमकी सगळ्यात नाजूक जागी शोधतो.

याउलट १९७८चा रिचर्ड डोनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' पाहा. लोइसच्या घरी क्लार्क केंट, म्हणजे सामान्य माणसाच्या वेशातला सुपरमॅन, तिला घेऊन जायला आलेला आहे. ती आतल्या खोलीत. त्याला वाटतं, आता खरं सांगून टाकावं. तो चष्मा काढतो, खांदे मागे घेतो, पाठ ताठ करतो, आवाज खोल होतो आणि त्याच कपड्यांत आपल्यासमोर वेगळाच माणूस उभा राहतो. मग धीर सुटतो, चष्मा पुन्हा डोळ्यांवर, खांदे पुन्हा पडलेले. कुठलीही तांत्रिक करामत नाही, ख्रिस्तोफर रीव्हचं शरीर बोलतं. हसू येतं आणि त्याच वेळी या माणसाच्या एकटेपणाची कळही जाणवते. सुपरमॅन असण्याचं ओझं एवढ्याशा प्रसंगात जितकं पोचतं, तितकं २०१६च्या १५१ मिनिटांत पोचत नाही.

ख्रिस्तोफर नोलनचा 'द डार्क नाइट' हाही काळोखाचाच चित्रपट होता आणि तो शंभर कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. पण त्यात दोन बोटींचा प्रसंग आहे. प्रत्येक बोटीवर स्फोटकं, आणि ती उडवायची कळ दुसऱ्या बोटीतल्या लोकांच्या हातात. निर्णय माणसांना घ्यावा लागतो, तो घेतला जातो आणि त्याचा अर्थ कथेला बदलतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चित्रपट देतो.

योगायोगाची गोष्ट अशी, की २०१६च्याच मे महिन्यात मार्व्हलचा 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' आला. विषय तोच, नायकांमुळे मेलेल्या निरपराध माणसांचा हिशेब. एक आई नायकांपैकी टोनी स्टार्कला गाठून आपल्या मेलेल्या मुलाचा फोटो दाखवते. ११७ देश नायकांवर नियंत्रण आणणारा करार करतात, त्यांनी त्यावर सही करायची की नाही यावर टेबलाभोवती बसून भांडण होतं आणि दोन्ही बाजू आपल्याला पटतात. मधे विमानतळावर स्पायडर-मॅनची बडबड आणि धमाल आहे. शेवटी टोनीला कळतं, की आपल्या आईवडिलांना कॅप्टनच्या जिवलग मित्राने मारलं होतं आणि मैत्री तुटते. दोन महिन्यांत आलेले दोन चित्रपट, दोन्हींचा निर्णायक क्षण आईशी जोडलेला. एकीकडे आईच्या नावाने शत्रूंचा समेट होतो आणि लोक हसतात, दुसरीकडे आईच्या मरणाने मित्र वैरी होतात आणि सभागृह गप्प होतं. कारण तिथे आधीच्या चित्रपटांनी नाती बांधून ठेवली होती.

तिकिटबारीचे आकडे हेच सांगतात, फक्त ते नीट वाचावे लागतात. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ने जगभरात सुमारे ८७ कोटी डॉलर कमावले, तेव्हा तो पडला असं म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या पहिल्या तीन दिवसांत १६ कोटी ६० लाख डॉलर. पुढच्या शनिवार-रविवारसकट तीन दिवसांत ५ कोटी १० लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ६९ टक्क्यांची घसरण. पहिला आठवडा हा नावाचा, जाहिरातीचा, आधीच्या चित्रपटांवरच्या लोभाचा असतो. दुसरा आठवडा बघून आलेल्या माणसांच्या तोंडचा. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था पहिल्याच दिवशी आलेल्या प्रेक्षकांकडून चित्रपटाला श्रेणी घेते. पहिल्या दिवशी धावत येणारे लोक बहुतेक चाहतेच, त्यामुळे श्रेण्या सहसा चढ्या असतात. 'मॅन ऑफ स्टील'ला 'ए मायनस' मिळाली होती, या चित्रपटाला 'बी'. चाहत्यांनीच हात आखडता घेतला होता. त्या वर्षीच्या वाईट चित्रपटांसाठीच्या रॅझी पुरस्कारांत पटकथेसह चार त्याच्या वाट्याला आले.

त्याच वर्षी घरगुती माध्यमांतून तीन तासांची 'अल्टिमेट एडिशन' आली. ती मूळ चित्रपटापेक्षा नक्कीच चांगली आहे. सुपरमॅनला गोवणाऱ्या आफ्रिकेतल्या कारस्थानाचे धागे जुळतात, क्लार्क केंटला पत्रकार म्हणून काम करताना पाहता येतं. स्नायडरवर मनापासून प्रेम करणारे प्रेक्षक आजही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, की हा चित्रपट आळसाने केलेला नाही. प्रत्येक चौकट मेहनतीने रचलेली दिसते. पण सिनेटची सभा या आवृत्तीतही तशीच उडते आणि सुपरमॅन तसाच गप्प राहतो.

वॉर्नरने मात्र भलताच धडा घेतला. २०१७च्या 'जस्टिस लीग'मध्ये, मुलीच्या निधनामुळे स्नायडर बाजूला झाल्यावर, जॉस व्हेडनकडून नव्याने चित्रीकरण करून विनोद पेरले गेले. वरून चिकटवलेला विनोद चिकटवलेलाच दिसतो. तो चित्रपट आधीच्यापेक्षाही कमी चालला. योग्य धडा त्याच वर्षी पॅटी जेनकिन्सच्या 'वंडर वुमन'ने दिला होता. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतली गोष्ट, माणसं मरताहेत, आणि तरीही आयुष्यात पहिल्यांदा आइस्क्रीम खाणारी नायिका डायना विक्रेत्याला मनापासून सांगते, की तुम्हाला स्वतःचा अभिमान वाटायला हवा. तिचा हा निर्मळपणा पाहिलेला असतो म्हणूनच पुढे ती एकटी खंदकातून वर चढून गोळ्यांच्या वर्षावात चालू लागते तेव्हा अंगावर काटा येतो.

सुपरमॅनला बोलायची संधी मिळाली ती थेट जुलै २०२५मध्ये, जेम्स गनच्या 'सुपरमॅन'मध्ये. त्यात एक उनाड कुत्रा आहे, भडक रंग आहेत, मारामारीच्या धामधुमीत सुपरमॅन एका खारीलाही वाचवतो. आणि सुरुवातीलाच लोइस लेन आपल्या घरात रेकॉर्डर सुरू करून त्याची मुलाखत घेते. दुसऱ्या देशाच्या युद्धात तू कुणाला विचारून हस्तक्षेप केलास? राष्ट्राध्यक्षांशी बोललास का? परिणामांचा विचार केलास का? तो चिडतो, गोंधळतो, शेवटी हताश होऊन म्हणतो, की माणसं मरणार होती. उत्तर अपुरं आहे, लोइसचं समाधान होत नाही, दोघांचं भांडण होतं. या चित्रपटात इतर उणिवा आहेत, पण एका बैठकीच्या खोलीतली, दोन माणसांमधली ती काही मिनिटं मला अख्ख्या 'डॉन ऑफ जस्टिस'पेक्षा गंभीर वाटतात. जमल्यास दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा, आधी सिनेटची सुनावणी आणि मग ही मुलाखत.